शेवाळाला औषध नकोच!

आज विषय जरा वेगळा आहे. निमखाऱ्या पाण्यातल्या माशांचा. इस्लामपुरात खाडी कुठली, असे कोणीही म्हणेल. खरेच आहे, खाडी सह्याद्रीपलीकडे. पण निवृत्तीनंतर मी दोन फुटी काचेच्या टाकीत निमखारे पाणी करून मोली मासे सांभाळतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, माझ्या टाकीत ८ ते १०. त्यासाठी जेवणातले मीठ चालत नाही. समुद्री क्षारांचे तयार मिश्रण लागते, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमही असते.

टाकी पाहायला येणारे बहुतेक जण विचारतात, "सर, शेवाळाला औषध कुठले?"

माझे स्पष्ट मत आहे, औषध नकोच! शेवाळ हा रोग नव्हे. उजेड आणि खत जास्त झाले, एवढेच ते सांगते. हे खत आपणच घालतो. उरलेले खाद्य आणि माशांची विष्ठा यांतून नायट्रेट आणि फॉस्फेट तयार होतात. गोड्या पाण्यात वनस्पती त्यातला वाटा उचलतात. निमखाऱ्या पाण्यात बहुतेक पाणवनस्पती तगत नाहीत, मग सगळे ताट शेवाळापुढेच!

दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच औषधांत तांबे असते. आपल्या द्राक्षवाल्यांचे मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. बागेत तो बुरशी मारतो, टाकीत शेवाळाबरोबर गोगलगायी आणि कोळंबीही मारतो. शिवाय मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते आणि खत पुन्हा पाण्यात सोडते. म्हणजे नव्या शेवाळाची सोय झाली.

त्यापेक्षा दिवा ६ ते ८ तासच लावावा. टाकीवर खिडकीचे ऊन येऊ देऊ नये. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. आठवड्याला पाव हिस्सा पाणी काढून तेवढ्याच खारटपणाचे नवे घालावे. थोडे शेवाळ राहू द्यावे, मोली ते आवडीने खातात. आणि वाफ होऊन पाणी घटले तर भर साध्या पाण्याची घालावी. पाणी उडून जाते, क्षार मागेच राहतात.

हे शेवटचे वाक्य वाळवा तालुक्यातल्या शेतकऱ्याला मी काय समजावणार? उसाला पाट भरभरून पाणी दिले, निचरा झाला नाही, पाण्याची पातळी वर आली, पाणी उडाले आणि क्षार रानात राहिले. कृष्णाकाठची कितीतरी काळी जमीन अशी क्षारपड झाली. माझ्या वर्गात बसलेली काही मुले आज अशा रानांची मालक आहेत. पीक पिवळे पडले की तीही दुकानात जाऊन विचारतात, औषध कुठले?

शिरोळकडे दत्त साखर कारखान्याच्या परिसरात शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून खारे पाणी बाहेर काढले आणि पडीक रानांत पुन्हा पीक घेतले. तिथे बाटली कामाला आली नाही, निचरा आला. मात्र निचरा करून वर पाणी आणि खत पूर्वीसारखेच ओतत राहिलो, तर तो किती दिवस पुरेल?

म्हणून वाटते, टाकी असो की रान, नवे काही घालण्याआधी आधीचे किती घातले ते मोजावे. टाकीतले चुकले तर चार मासे जातील. रानातले चुकले तर पोरांच्या हाती काय देणार? पटत नसेल तर जरूर कळवा.