सलीम मिर्झाचा संयम

बलराज साहनी यांच्याविषयी दिग्दर्शक एम. एस. सथ्यू यांनी सांगितलेली एक आठवण चित्रपटरसिकांत सर्वश्रुत आहे. ‘गर्म हवा’ या चित्रपटाचे ध्वनिमुद्रण चालू होते. चित्रीकरण मूक झालेले असल्याने नटांनी आपापले संवाद नंतर स्टुडिओत म्हणायचे होते. बलराज साहनी आले, त्यांनी आपल्या वाट्याचे अखेरचे वाक्य ध्वनिमुद्रित केले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी, 13 एप्रिल 1973 रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. साठी पूर्ण व्हायला तीनच आठवडे उरले होते. पूर्ण झालेला चित्रपट त्यांना पाहता आला नाही.

आठवण चटका लावणारी आहे यात शंका नाही. परंतु जयंती-पुण्यतिथीच्या निमित्ताने ती ज्या रीतीने पुनःपुन्हा सांगितली जाते, ती रीत तपासून पाहण्याजोगी आहे. योगायोगाला दैवी संकेताचे रूप द्यायचे, नटाची मूर्ती करायची आणि मूर्तीला हार घालून मोकळे व्हायचे, हा आपल्या समाजाचा जुना शिरस्ता आहे. ज्याच्यापासून काही शिकायचे नसते, त्याला देव करणे सोयीचे असते. बलराज साहनींच्या बाबतीत हे घडणे तर अधिकच विपरीत ठरेल. कारण अभिनय हा दैवी प्रसाद नसून कष्टाने साधायचा व्यवसाय आहे, हेच ते आयुष्यभर सांगत आले. सथ्यूंच्या आठवणींचे खरे मोल त्या अखेरच्या दिवसात नाही. एक अवघड काम काही माणसांनी मिळून कसे पार पाडले, याची जी साक्ष त्या आठवणी देतात, त्यात ते आहे.

‘गर्म हवा’ची निर्मिती ही मुळात टंचाईची कथा आहे. इस्मत चुगताई यांच्या एका अप्रकाशित कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी पटकथा रचली. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाने अडीच लाख रुपयांचे कर्ज दिले. उरलेला पैसा मित्रमंडळींकडून उसनवारीने उभा राहिला. कॅमेराही एका स्नेह्याने दिलेला. छायालेखक ईशान आर्य यांचा हा पहिलाच कथापट. बाह्यचित्रणाच्या जागी ध्वनिमुद्रणाची सामग्री नेणे परवडत नव्हते, म्हणून चित्रीकरण मूक. नट बहुतांशी ‘इप्टा’चे, म्हणजे भारतीय जननाट्य संघाचे. फारूख शेख या तरुणाची ही पहिली भूमिका. तिचे मानधन साडेसातशे रुपये ठरले होते आणि तेही हाती पडायला बरीच वर्षे लागली, असे फारूख शेख पुढे हसत हसत सांगत.

आग्र्याच्या गल्ल्यांत चित्रीकरण सुरू झाले, तेव्हा विषयाचा सुगावा लागून स्थानिक विरोध उभा राहिला. त्यावर सथ्यूंनी एक युक्ती योजली. फिल्म न भरलेला कॅमेरा देऊन दुसरे एक बनावट पथक शहराच्या भलत्याच भागात पाठवायचे, म्हणजे निदर्शकांची गर्दी तिकडे वळे आणि खरे पथक आपले काम उरकून घेई. ही हकिकत विनोदी वाटते. पण फाळणीला पंचवीस वर्षे होऊन गेल्यावरही या देशात एका मुस्लिम कुटुंबाचे दुःख चित्रित करायला कलावंतांना चोरवाटा शोधाव्या लागल्या, हा तिचा अर्थ आहे.

अशा या पथकात बलराज साहनी हे एकटेच देशभर ओळखले जाणारे नट होते. त्यांनी केलेला सलीम मिर्झा हा आग्र्याचा जोडे बनवणारा कारखानदार. गांधीजींच्या हत्येनंतरचा काळ. थोरला भाऊ पाकिस्तानात निघून जातो आणि त्याच्या नावावरील वडिलोपार्जित हवेली निर्वासितांची मालमत्ता म्हणून सरकारजमा होते. बँक कर्ज नाकारते. कारण उघड आहे: उद्या हाही निघून गेला तर वसुली कोणाकडून करायची? भाड्याचे घर शोधताना नाव विचारले जाते आणि नाव सांगताच दार लागते. थोरला मुलगा सीमेपलीकडे जातो. हवेलीचा नकाशा भावाला पाठवला म्हणून हेरगिरीचा आरोप येतो. मुलीची लग्ने दोनदा मोडतात आणि अखेर ती आत्महत्या करते. इतके सोसूनही हा माणूस आक्रोश करत नाही, शिव्याशाप देत नाही आणि आपली देशनिष्ठा सिद्ध करण्यासाठी छातीही बडवत नाही.

मुलीच्या मृत्यूच्या प्रसंगाची सथ्यूंनी सांगितलेली आठवण या दृष्टीने मोलाची आहे. 1972 मध्ये बलराज साहनींची स्वतःची मुलगी शबनम अकाली गेली होती. ती जखम ओली असताना पडद्यावर मुलीच्या मृतदेहासमोर उभे राहायचे होते. दिग्दर्शकाला फार बोलवेना. रडायचे नाही, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पडद्यावर दिसतो तो एक थिजलेला चेहरा. अश्रूंना मुभा दिली असती, तर प्रेक्षकही चार अश्रू ढाळून हलका झाला असता. ती पळवाट नटाने ठेवली नाही.

या संयमाकडे केवळ अभिनयशैली म्हणून पाहणे अपुरे आहे. अल्पसंख्य समाजातील माणूस आपल्या चित्रपटांत बहुधा दोनच रूपांत येत आला आहे: प्राण देऊन निष्ठा सिद्ध करणारा जिवलग मित्र, नाहीतर कारस्थानी खलपुरुष. दोन्ही रूपांत त्याला कोणापुढे तरी हजेरी द्यावीच लागते. सलीम मिर्झा ती हजेरी देत नाही. तो आग्र्याचा आहे; त्याचा धंदा, त्याची आई, त्याच्या पूर्वजांच्या कबरी तेथे आहेत. त्यासाठी कोणाच्या प्रमाणपत्राची गरज त्याला वाटत नाही. दया मागणारे पात्र प्रेक्षकाला उदार होण्याचे सुख देते. दया न मागणारे पात्र त्याला प्रश्न विचारते. बलराज साहनींनी दुसरा मार्ग पत्करला आणि तो पत्करण्यात त्यांची राजकीय समज दिसते.

ही समज स्टुडिओत घडलेली नव्हती. रावळपिंडीच्या सुखवस्तू घरात 1913 साली जन्मलेला, लाहोरला इंग्रजी साहित्य शिकलेला हा तरुण शांतिनिकेतनात अध्यापक झाला. तेथून तो वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला नयी तालीमच्या कामासाठी आला आणि पुढे युद्धाच्या वर्षांत लंडनला बीबीसीच्या हिंदुस्थानी विभागात होता. परतल्यावर मुंबईत ‘इप्टा’त दाखल झाला. बंगालच्या दुष्काळावरील, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘धरती के लाल’ (1946) या चित्रपटात त्याने काम केले. पुढे कम्युनिस्ट म्हणून तुरुंगवास घडला. त्याच काळात ‘हलचल’ (1951) या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असल्याने कैदेतून परवानगी घेऊन तो कामाला जात असे, आणि भूमिका होती जेलरची!

‘दो बीघा जमीन’ (1953) हा बिमल रॉय यांच्यासोबतचा अनुभव बलराज साहनींनी आपल्या चित्रपटविषयक आत्मकथेत सविस्तर लिहिला आहे. शंभू महातो हा जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढणारा शेतकरी. साहेबी वळणाच्या, इंग्रजी शिकलेल्या माणसाला ही भूमिका द्यावी काय, अशी शंका अनेकांना होती. त्यांनी जोगेश्वरीत गुरे राखणाऱ्या उत्तर भारतीय मजुरांच्या वस्तीत जाऊन त्यांचे बसणे-उठणे, बोलणे, डोक्याला फडके गुंडाळणे न्याहाळले. कलकत्त्यात प्रत्यक्ष रिक्षा ओढली. तरीही आत्मविश्वास येईना. तेव्हा बिहारचा एक उतारवयाचा रिक्षावाला त्यांच्याजवळ आला. त्यांनी त्याला चित्रपटाची कथा सांगितली आणि त्याचे डोळे पाणावले. त्याचीही जमीन जमीनदाराकडे गहाण होती आणि ती सोडवण्यासाठी तो वर्षानुवर्षे रिक्षा ओढत होता. त्यानंतर अभिनयाचे तंत्र आठवण्याचे आपण सोडून दिले आणि त्या माणसाला स्वतःत सामावून घेतले, अशी कबुली बलराज साहनींनी दिली आहे. सलीम मिर्झाच्या संयमाचे मूळ शोधायचे तर ते या वीस वर्षांपूर्वीच्या भेटीपर्यंत जाते.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. बलराज साहनींनी ‘वक्त’सारखे झगमगाटी चित्रपटही केले. जुहूला बंगला बांधला. मग कष्टकऱ्यांशी नाते सांगण्याचा त्यांना अधिकार काय? या विसंगतीची बोच त्यांना स्वतःला होती आणि आपल्या लेखनात त्यांनी ती लपवली नाही. परंतु कलावंताची बांधिलकी त्याच्या घराच्या चौरस फुटांवरून मोजायची नसते. बाजाराने दिलेली प्रतिष्ठा तो कोठे खर्च करतो, हे पाहायचे असते. बलराज साहनींनी आपले नाव आणि अखेरचे महिने धनिक निर्मात्याच्या दाराशी न ठेवता, उसनवारीवर चाललेल्या एका चित्रपटाच्या स्वाधीन केले. जुन्या नाट्यसंघटनेतील सहकाऱ्यांच्या रांगेत ते एक नट म्हणून उभे राहिले. निष्ठेचा पुरावा हवाच असेल तर तो हा आहे.

दुसरा आक्षेप चित्रपटाच्या शेवटाविषयीचा आहे. सर्वस्व गमावून स्टेशनकडे निघालेला सलीम मिर्झा वाटेत बेकार तरुणांचा मोर्चा पाहतो. धाकटा मुलगा सिकंदर त्यात सामील होतो, आणि माणूस एकटा किती काळ जगणार, या अर्थाचे उद्गार काढून बापही टांग्यातून उतरून गर्दीत मिसळतो. हा शेवट प्रचारकी आहे, चिकटवलेला आहे, असे काही समीक्षकांचे मत. मोर्च्यात सामील झाल्याने हवेली परत मिळत नाही आणि मुलगीही जिवंत होत नाही, हे खरेच आहे. पण चित्रपट तसे आश्वासनही देत नाही. धर्माच्या नावाने एकट्या पाडलेल्या माणसाला जर कोठे बरोबरीच्या नात्याने उभे राहता येत असेल, तर ते भाकरीच्या आणि कामाच्या लढ्यात, एवढेच तो म्हणतो. हे म्हणणे पटण्याजोगे होते ते त्या नटामुळे. त्याने तोवर एकही घोषणा दिलेली नसते. म्हणून त्याचे गर्दीत शिरणे ही घोषणा वाटत नाही.

चित्रपट पूर्ण झाला आणि सेन्सॉरमध्ये अडकला. जातीय तणाव वाढेल ही भीती पुढे करून तो अनेक महिने रोखून धरण्यात आला. अखेर पंतप्रधान इंदिरा गांधींनी तो पाहिला आणि वाट मोकळी झाली. 1974 मध्ये प्रथम बंगळूरला तो प्रदर्शित झाला. ज्या दंगलींची भीती घातली गेली होती, त्या झाल्या नाहीत. उलट राष्ट्रीय एकात्मतेचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि कान महोत्सवात तो स्पर्धेत दाखवला गेला. लोकांवर विश्वास नसलेल्या यंत्रणेला लोकांनीच दिलेले हे उत्तर होते.

मात्र या सुखान्त हकिकतीत एक इशारा दडलेला आहे. पंतप्रधानांच्या मर्जीने सुटलेला चित्रपट हा स्वातंत्र्याचा विजय म्हणता येत नाही; तो मर्जीचा विजय असतो. पुढच्याच वर्षी आणीबाणी आली आणि ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या प्रतीच नष्ट करण्यात आल्या. जी सत्ता कृपा म्हणून देते, ती अवकृपा म्हणून काढूनही घेते. कलेचे स्वातंत्र्य कोणा उदार शासकाच्या रसिकतेवर सोपवता येत नाही. ते कायद्याने आणि जागृत लोकमतानेच राखावे लागते. त्याचबरोबर हेही नोंदवले पाहिजे की, अडीच लाखांचे ते सरकारी कर्ज नसते तर हा चित्रपट निघालाच नसता. सार्वजनिक पैसा बाजाराला नको असलेल्या आशयाच्या पाठीशी उभा राहिला, हे त्या काळातील धोरणाचे श्रेय आहे. आज कलेतील सार्वजनिक गुंतवणुकीची चेष्टा करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तपासावा.

2014 मध्ये ‘गर्म हवा’ची जुनी प्रत दुरुस्त होऊन तो पुन्हा चित्रपटगृहांत आला. नव्या पिढीने तो पाहिला तेव्हा त्यातील घर शोधण्याचा प्रसंग जुना वाटला नाही. मुंबई-पुण्यात नाव ऐकून घर नाकारले जाण्याचा अनुभव आजही अनेक मुस्लिम कुटुंबांना येतो. दलित आणि भटक्या समाजातील भाडेकरूंनाही तो नवा नाही. सलीम मिर्झाची हवेली कायद्याने गेली. आजचे दार सोसायटीच्या अलिखित नियमाने लागते.

म्हणून कार्यकर्त्यांनी बलराज साहनींच्या तसबिरीपुढे उभे राहण्याऐवजी वस्तीत, महाविद्यालयात, कामगारांच्या सभागृहात हा चित्रपट दाखवावा आणि नंतर दिवे लावून चर्चा करावी. महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने निळू फुले यांच्यासारखा नट घडवला, तो कला हे सभेपूर्वीचे मनोरंजन न मानता चळवळीचे अंग मानले म्हणून. ‘इप्टा’ने बलराज साहनी घडवले तेही असेच. समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यातील मतभेद खोल होते आणि ते विसरण्याचे कारण नाही. पण नट चळवळीत तयार होतो आणि चळवळ आटली की नुसते तारे उरतात, या अनुभवाबाबत दोन्ही प्रवाहांची साक्ष एकच आहे.

अखेरचे वाक्य म्हणून बलराज साहनी स्टुडिओतून बाहेर पडले, तेव्हा त्यांचे काम पूर्ण झाले होते. ते वाक्य ज्यांना उद्देशून होते, त्यांचे काम अजून व्हायचे आहे.