रंग ओतण्यापूर्वी तोलून पाहा

लोणंदच्या बाजारात कांदा काट्यावर चढल्याशिवाय हिशेब होत नाही. मग पातळ ॲक्रिलिक रंग पुठ्ठ्यावर ओतून चित्रे करणाऱ्यांनी सारे नशिबावर का सोडावे? ‘काय उमटेल ते सांगता येत नाही, हीच तर गंमत!’ असे ते म्हणतात. मला हे पटत नाही.

मेक्सिकोचे चित्रकार सिकेरोस यांनी १९३६ साली न्यूयॉर्कमधील आपल्या कार्यशाळेत एका रंगावर दुसरा ओतून जाळीदार नक्षी मिळवली. तिचे कारण मेक्सिकोतील संशोधकांनी २०१५ साली प्रयोगांनी दाखवले. वरचा रंग जड असला की तो बुडू लागतो, खालचा हलका रंग त्यातून वर येतो आणि पेशींसारखी नक्षी उमटते. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइड जड, काळ्यातील काजळी त्यामानाने हलकी. म्हणून काळ्यावर पांढरा ओतावा. उलट केले तर थर शांत राहतात.

तेव्हा महागडी द्रावणे आणण्याआधी औषधाच्या बाटल्यांची दोन सारखी टोपणे घ्या. दोन्ही रंग पाणी घालून पातळ केल्यावरच (पाण्याने वजन बदलते!) ती काठोकाठ भरा आणि पेन्सिलीवर तोललेल्या फूटपट्टीच्या दोन टोकांना ठेवा. जड कोणता ते लगेच कळेल. पाण्याचे प्रमाण व ओतण्याचा क्रम वहीत लिहा. फसलेल्या चित्राचीसुद्धा नोंद हवी.

आणि उरलेला रंग मोरीत ओतू नका. ॲक्रिलिक हे प्लास्टिकच आहे, आणि लोणंदचे पाणी नीरेच्या खोऱ्यात उतरते. रंग जुन्या वर्तमानपत्रावर पूर्ण वाळवा, मगच कचऱ्यात टाका.