भयकथेचे नवे दालन आणि कोकण

जांभ्या दगडाची घरे, पोफळीच्या दाट बागा आणि आषाढातील निबिड अंधार यांच्या सान्निध्यात कोकणातील पावससारख्या गावी वाढणारा तरुण संगणकावर भयप्रधान कथाखेळ खेळतो तेव्हा तो केवळ कालापव्यय करतो, असा सरसकट निवाडा देणे मला अन्यायाचे वाटते. स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स या संस्थेने २०१० मध्ये काढलेल्या ‘अम्नेशिया : द डार्क डिसेंट’ या खेळाचा दाखला घ्यावा. त्यात नायकाच्या हाती शस्त्र नाही. संकट समोर येताच लपावे किंवा पळावे लागते, आणि अंधारात फार काळ राहिल्यास त्याचे चित्त भ्रमू लागते. सबब येथील भय रक्तपातापेक्षा ध्वनी, छाया आणि प्रतीक्षा यांच्या संयमित योजनेतून उपजते. भयकथाकार नारायण धारपांच्या वाचकाला ही रीत अपरिचित नाही.

खेद एवढाच की, ज्या कोकणात वेताळ, मुंज्या, गिऱ्हा आणि राखणदार यांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, तेथील कथाधन या खेळांच्या माध्यमात अद्याप पुरेसे उतरलेले नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा पुराणकथांवर आधारलेला साहसखेळ काढून अशी निर्मिती महाराष्ट्रात शक्य असल्याचे सिद्ध केले आहे. म्हणून वृद्धांच्या मुखातील कथा टिपून तरुण कलावंतांच्या स्वाधीन करण्याचे कार्य कोकणातील ग्रंथालयांनी आणि शाळांनी आता विनाविलंब हाती घ्यावे.