फ्रेंचची वाट मराठीतून

पुण्या-मुंबईकडे आठवीत फ्रेंच घेण्यामागे बहुधा एकच हिशेब असतो: गुणांचा. दहावी संपली की वह्या रद्दीत जातात आणि भाषाही. दोष मुलांचा नाही. फ्रेंच आपण त्यांना इंग्रजीच्या आधाराने शिकवतो. ‘त्यू’ आणि ‘वू’ यांतला फरक इंग्रजीत समजावताना दमछाक होते, कारण तिथे दोघांनाही ‘यू’च. मराठी मुलाला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ म्हटले की पुरे! निर्जीव वस्तूंनाही लिंग असते, याचे त्याला नवल नाही. फ्रान्समध्ये ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतात. आपल्या खेड्यांतली जुनी माणसेही विसांनीच मोजत. घरची भाषा पक्की असेल तर परकी भाषा परकी राहत नाही. तेव्हा पालकहो, फ्रेंचच्या शिकवणीआधी मुलाचे मराठी पाहा.