टेंडरच्या टेबलावर आपला माणूस कुठे?

मार्च महिन्यात यवतमाळच्या कोणत्याही सरकारी कार्यालयात जाऊन पहावे. बाकी टेबले रिकामी असतील, पण एका टेबलाभोवती गर्दी असते. ते टेबल असते खरेदीचे, निविदेचे, देयकाचे. संगणक कोणाकडून घ्यायचे, वसतिगृहाच्या जेवणाचा ठेका कोणाला, रस्त्याचे अंदाजपत्रक किती, कोणाचे बिल ३१ तारखेच्या आत काढायचे, हे सारे तिथे ठरते. वकिली करताना आम्हाला या टेबलांचे दर्शन वारंवार घडते. आणि दरवेळी एकच प्रश्न मनात येतो. या टेबलाच्या अलीकडे किंवा पलीकडे आपला माणूस किती वेळा दिसतो?

आमच्याकडे सल्ल्याला येणारी पोरे तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी यांचेच विचारतात. खरेदी आणि कंत्राट व्यवस्थापन हे करिअर आहे, हे वणी-पुसद-उमरखेडच्या एकाही पोराने आजवर आम्हाला विचारलेले नाही. त्यात पोरांचा दोष नाही. आम्हीच त्यांना कधी सांगितले नाही.

बाबासाहेबांना मात्र हा प्रश्न दिसला होता. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते त्यांच्याच अखत्यारीत होते. अवघ्या तीन महिन्यांत, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात नोकऱ्यांबरोबर सरकारी कंत्राटांचाही मुद्दा होता. खात्याच्या यादीत ११७१ कंत्राटदार, त्यात अस्पृश्य समाजाचा फक्त एक! नोकरीतील वाट्याची मागणी आम्ही उचलून धरली, त्यासाठी लढलो, तुरुंगात गेलो. कंत्राटातील वाट्याची मागणी मात्र आमच्याच हातून मागे राहिली. याची कबुली आपण कधीतरी द्यायला हवी.

आता ती मागणी निकडीची झाली आहे. कारण नोकरीच टेंडरमध्ये गेली आहे! ६ सप्टेंबर २०२३ चा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आठवा. अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी माणसांची वर्गवारी करून नऊ खाजगी एजन्सींमार्फत मनुष्यबळ घेण्याचा तो निर्णय होता. राज्यभर संताप उसळला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द करावा लागला. पण निर्णय रद्द झाला म्हणून पद्धत रद्द झाली काय? चालक, सफाई कामगार, सुरक्षा रक्षक, डेटा एन्ट्री ऑपरेटर हे बाह्यस्रोताने त्याआधीही घेतले जात होते, आजही घेतले जातात. शिपायाचे पद जोवर आस्थापनेवर असते तोवर त्याला बिंदुनामावली असते. तेच पद "सेवा पुरवठा" म्हणून निविदेत गेले की बिंदू संपला, उरतो फक्त दर. माणूस भरला जात नाही, विकत घेतला जातो. म्हणजे आरक्षणाचा प्रश्न सामान्य प्रशासन विभागाच्या टेबलावरून उठून खरेदीच्या टेबलावर येऊन बसला आहे, आणि आम्ही अजून जुन्याच दारावर मोर्चे नेत आहोत.

एका कार्यालयातील सुरक्षा रक्षकांचे प्रकरण आमच्याकडे आले होते. एजन्सीला कार्यालय देत होते एक रक्कम, पोरांच्या हातात पडत होती दुसरी. बँक खाती पोरांचीच, पण एटीएम कार्डे ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे. आम्ही करारनामा मागवला. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, चलनाची प्रत लावल्याशिवाय देयक न काढण्याची अट, सगळे त्यात होते. फक्त ते वाचून अंमलात आणण्याची जबाबदारी ज्या बाबूवर होती, त्याने पहिले पानही उलटले नव्हते. ठेकेदाराने वेतन दिले नाही तर मूळ मालकाने ते द्यावे, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही ती आहे. पण कंत्राट व्यवस्थापन म्हणजे कायद्याचे पुस्तक नव्हे. दर महिन्याला चलन तपासणारा, हजेरीपट ताडून पाहणारा माणूस म्हणजे कंत्राट व्यवस्थापन. तो माणूस आपला असता, किंवा निदान प्रामाणिक असता, तर त्या पोरांना वकिलाकडे यावेच लागले नसते.

असा माणूस नसला की मोठ्या कामात काय होते, हे विदर्भाने पाहिले आहे. १९९७ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले. आपल्या जिल्ह्यातील बेंबळा आणि निम्न पैनगंगा हे याच महामंडळाचे प्रकल्प. २००९ साली अवघ्या सात महिन्यांत महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेली गेली. वडनेरे समिती, चितळे समिती, नागपूर खंडपीठातील जनहित याचिका, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची चौकशी हे सारे नंतर झाले. वर्तमानपत्रांनी मंत्र्यांची नावे छापली. पण अंदाजपत्रक सुधारणे, निविदेतील परिमाण वाढवणे, जादा बाबींचे दर मंजूर करणे, ही कामे मंत्री एकटा करीत नाही. प्रत्येक कागदावर कोणीतरी टिपणी लिहितो, कोणीतरी सही करतो. ती टिपणी वाचता येणारा एकही कार्यकर्ता तेव्हा आमच्या चळवळीत नव्हता. शेत कोरडे राहिले त्यांत आपले शेतमजूरही होते, पण आम्ही बोललो तेव्हा फक्त "भ्रष्टाचार" एवढा एकच शब्द बोलू शकलो.

आता कंत्राटाच्या दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे पुरवठादाराकडे वळू. २०१२ मध्ये केंद्र सरकारने सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. १ एप्रिल २०१५ पासून तो बंधनकारक झाला. केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी तेव्हा २० टक्के, आणि २०१९ पासून २५ टक्के, या उद्योगांकडून घ्यावी. त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. भागीदारीत आपला हिस्सा किमान ५१ टक्के हवा. बयाणा रक्कम माफ, निविदा अर्ज मोफत. सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत दर जास्त असला तरी तो कमी दर मान्य करून ठराविक वाटा पुरवण्याची संधी. २०१६ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब सुरू झाले. तरीही ते ४ टक्के एकाही वर्षी पूर्ण झालेले नाहीत.

हे दिल्लीचे धोरण यवतमाळला काय कामाचे, असे कोणी म्हणेल. वणी तालुक्यात कोळसा कोण काढतो? वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे कोल इंडियाची उपकंपनी, म्हणजे केंद्रीय सार्वजनिक उपक्रम. गणवेश, हातमोजे, सुटे भाग, छपाई, वाहन सेवा या सर्व खरेदीला हे ४ टक्के लागू आहेत. वणीच्या धुळीत आपली वस्ती आहे, पण पुरवठादारांच्या यादीत आपण किती? माहिती अधिकारात ही यादी मागता येते. मर्यादाही सांगून ठेवतो. नुसता माल इकडून तिकडे करणाऱ्या व्यापाऱ्याला हा लाभ नाही, आणि बांधकामाच्या निविदांना हे धोरण लावले जात नाही. स्वतः काही बनवावे लागते किंवा सेवा द्यावी लागते, उद्यम नोंदणी करावी लागते, जेम पोर्टलवर उतरावे लागते.

राज्य सरकारच्या खरेदीला मात्र हे ४ टक्के लागूच नाहीत. महाराष्ट्राचा कारभार १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी नियमपुस्तिकेवर आणि वेळोवेळीच्या शासन निर्णयांवर चालतो. तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये निविदांचा कायदा केला. कर्नाटकाने तर पुढे त्याच कायद्यात दुरुस्ती करून ५० लाखांपर्यंतच्या कामांत अनुसूचित जाती-जमातींना २४.१० टक्के वाटा दिला आणि २०२३ मध्ये ही मर्यादा एक कोटी केली. दक्षिण आफ्रिकेने २००० साली प्राधान्य खरेदीचा कायदा केला. आणि बाबासाहेबांचा महाराष्ट्र? इथे आमचे आमदार निवेदन देऊन फोटो काढून घेतात.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. जिथे वाटा मिळतो तिथे आपल्यातलाच कोणी नाव विकतो. जातीचा दाखला याचा, भांडवल दुसऱ्याचे, नफा तिसऱ्याचा, आणि याच्या हाती महिन्याचे चार पैसे. काम निकृष्ट निघाले की काळ्या यादीत मात्र हाच. असे दोन जण आम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर रडताना पाहिले आहेत. त्यांची दया आली, पण बाजू मांडायला जागा उरली नव्हती. सगळ्या कागदांवर सही त्यांचीच होती.

मग पोरांनी शिकायचे काय? वाणिज्य, अभियांत्रिकी किंवा कायद्याची पदवी असेल तर रस्ते आहेत. लोकसेवा आयोगाची महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा आहे. महालेखापालांकडून बांधकाम व पाटबंधारे विभागांत जाणारी विभागीय लेखापालाची जागा आहे; बिल तिच्या हाताखालून गेल्याशिवाय पैसा सुटत नाही. कोल इंडियाच्या भरतीत साहित्य व्यवस्थापन ही स्वतंत्र शाखा असते. जागतिक बँकेच्या पैशावरील प्रकल्पांत खरेदी तज्ज्ञ लागतोच, आणि आपला जिल्हा पोकरा प्रकल्पात होता. फरिदाबादची राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्था खरेदीचे प्रशिक्षण देते. पण त्याआधी घरी बसून २०१७ चे सामान्य वित्तीय नियम वाचा, राज्याची नियमपुस्तिका वाचा, बी-१ आणि बी-२ निविदेतला फरक समजून घ्या. महाटेंडर्सवर आपल्या तालुक्याची एक निविदा उघडा आणि उलाढालीची, अनुभवाची अट कोणासाठी बेतली आहे ते ओळखून पहा. दहा निविदा वाचल्या की डोळा तयार होतो.

हे टेबल धोक्याचेही आहे, हे लपवत नाही. चौकशी लागली की वरचा सुटतो आणि टिपणी लिहिणारा अडकतो, त्यातही तो आपला असेल तर लवकर अडकतो. म्हणून लेखी लिहावे, फोनवरचा आदेश टिपणीत नोंदवावा. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेवरून १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमणा शेट्टी प्रकरणात सांगून ठेवले आहे की, सरकारने पात्रतेची जी अट स्वतः जाहीर केली ती सरकारला मोडता येत नाही. मोडली तर समतेच्या अनुच्छेद १४ चा भंग होतो. गंमत अशी की तत्त्व मान्य होऊनही त्या याचिकाकर्त्याला दाद मिळाली नाही. तो उशिरा आला होता. निविदा उघडण्याच्या आत हरकत घेणे आणि काम सुरू झाल्यावर कोर्टात जाणे, यात तेवढाच फरक आहे.

बार्टी स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवते. त्यात खरेदी, निविदा आणि करार या विषयांचा सहा महिन्यांचा वर्ग यवतमाळला सुरू करावा, अशी मागणी आम्ही लेखी करीत आहोत. तो सुरू होईपर्यंत रविवारी दुपारी आमच्या कार्यालयात बसू. येताना पोरांनी आपापल्या तालुक्याची एक निविदा छापून आणावी, अटींच्या पानांसकट.