मोरीतली चिचुंद्री

रात्री मोरीच्या कडेनं चिकचिक करत काहीतरी पळालं, तर लगेच झाडू उचलू नका. दिवा लावा आणि आधी नीट बघा.

नाक लांब, टोकदार आणि सारखं हलणारं. डोळे अगदी बारीक. शेपूट बुडाशी जाड. ही चिचुंद्री. ती उंदीर नाही, उंदराच्या कुळातलीही नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून तो कुरतडत बसतो. हिचे तसे नसतात. तुमचे कपडे, वायरी, पुस्तकं हिच्यापासून सुखरूप आहेत.

ती येते झुरळं, रातकिडे आणि अळ्या खायला. एवढासा देह, त्यातली ऊब भराभर निघून जाते. म्हणून तिला सारखं खावं लागतं. झुरळांसाठी फवारे आणता ना तुम्ही? हिचं काम फुकट आहे.

वासाबद्दल मात्र मी तिची बाजू घेणार नाही. तिच्या कुशीत ग्रंथी असतात, घाबरली की वास जास्त सुटतो. मांजरसुद्धा तिला मारतं आणि बहुतेकदा न खाता टाकून देतं. तेव्हा हाकलायची तर शांतपणे हाकला. बाहेरचं दार उघडा, तिचा रस्ता सोडा. ती भिंतीच्या कडेनंच जाते. मागे पिल्लं असतील, तर एकमेकांची शेपटी धरून आगगाडीच्या डब्यांसारखी निघतील. त्यांची रांग तोडू नका.

पुन्हा यायला नको असेल, तर मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. दाराखालची फट बुजवा. खरकटं रात्रभर ठेवू नका. कुत्र्यामांजराची ताटलीही उचला.

उंदराचं विष उघड्यावर ठेवू नका. विष खाल्लेला प्राणी गव्हाणी घुबडानं खाल्ला, तर ते विष घुबडाच्याही पोटात जातं. आणि तेच घुबड तुमच्याकडचे उंदीर कमी करत असतं. चिकट पुठ्ठा तर आणूच नका. उंदरांसाठी पिंजरा लावलात, तर झोपण्याआधी आणि पहाटे बघा. त्यात अडकलेली चिचुंद्री उपाशीपोटी फार वेळ तगत नाही.

तिला उघड्या हातानं धरू नका. अंगावर पिसवा असतात आणि तिच्यामुळे लेप्टोसारखे आजार पसरू शकतात. मेलेली सापडली, तर हातात पिशवी घालून उचला. मुलांना चावलीच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं नीट धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. हळद भरून घरी बसू नका.