जुनी डस्टर घेताना

रेनो डस्टर 2012 मध्ये भारतात आली. तिची डिझेल आवृत्ती 2020 मध्ये बंद झाली. जुन्या बाजारात ती स्वस्त मिळते आणि कुटुंबे साठवलेली सारी रक्कम खरेदीतच घालतात, दुरुस्तीसाठी काही राखत नाहीत. तिच्या 1.5 लिटर डिझेल इंजिनात टायमिंगसाठी साखळी नसून रबरी पट्टा असतो. तो धावत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात व इंजिन उघडावे लागते. त्या खर्चापुढे नव्या पट्ट्याची किंमत नगण्य ठरते. म्हणून पट्टा बदलल्याची पावती पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. मीटरच्या आकड्यावर भिस्त नको, तो मागे फिरवला जातो. शिवाय पट्टा वयानेही जीर्ण होतो. क्लच जड असल्यास गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी धरावी. थंड इंजिन सुरू करून दाखवण्यास विक्रेता टाळाटाळ करीत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.